वामनकाकांच्या दोन घोड्या

सुमनकाकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होते. "मेधा, काका गेले गं," एवढंच म्हणून त्या थांबल्या. अशा वेळी माणूस काय विचारतं? कधी गेले, कसे गेले, तुम्ही एकट्याच आहात का... मी विचारलं, "गाडीखाली होते का?" तो प्रश्न आठवला की मला अजून स्वतःची लाज वाटते. काकूंना मात्र तो विचित्र वाटला नाही, कारण गेले काही महिने त्यांनाही तीच धास्ती होती. "नाही गं, खुर्चीत होते," त्या म्हणाल्या. "जेवण झालं, पेपर घेऊन खिडकीशी बसले. मला वाटलं डोळा लागलाय. म्हटलं झोपलेत, झोपू दे. चहाला हाक मारली तेव्हा..." त्या रडायला लागल्या. आणि मला? 'खुर्चीत' हा शब्द ऐकून मला आधी हायसं वाटलं. काका गेल्याची बातमी कळल्यावर पहिल्या मिनिटात मला हायसं वाटलं, रडू नंतर आलं. त्याचं कारण असं, की काकांच्या दोन घोड्या माझ्या गॅरेजमध्ये पडून होत्या आणि त्या मी खोटं बोलून आणल्या होत्या.

घोड्या म्हणजे जॅक स्टँड. गाडी जॅकने उचलली की तिच्या पोटाखाली हे लोखंडी पाय लावायचे, गाडीचं ओझं त्यांच्यावर सोडायचं आणि मगच माणसाने खाली शिरायचं. काका नागपूरचे. शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये उभा जन्म काढून, एका मोठ्या कारखान्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर होऊनसुद्धा ते त्यांना घोड्याच म्हणत आणि इथले लोक गाडीच्या ज्या भागाला मफलर म्हणतात त्याला सायलेन्सर. त्यांच्यासाठी मफलर फक्त गळ्यात घालायचा असे.

आमची ओळखसुद्धा सायलेन्सरमुळेच झाली. पुण्याहून येऊन मला दीड वर्ष झालं होतं. निखिलच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, व्हिसावर मी आले होते. मला नोकरी करायची परवानगी नव्हती. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत सहा माणसांची टीम सांभाळणारी मी इथे डाळ-तांदूळ आणि लाँड्री सांभाळत होते आणि त्याबद्दल रोज निखिलवर चिडत होते. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला एका शाळेच्या हॉलसमोर मी आमची जुनी गाडी लावली, तर एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ हातात प्रसादाचा द्रोण घेऊन सरळ माझ्याकडे चालत आले.

"ही गाडी घेऊन तू रोज फिरून राहिली?" ते म्हणाले.

"हो काका. थोडा आवाज येतो."

"थोडा? आतल्या लोकांना वाटलं, ढोलपथक आलं." मग त्यांनी वाकून गाडीखाली पाहिलं आणि उठले ते चेहरा बदलून. "काचा उघड्या ठेवून चालवते का?"

"नाही, एसी लावते ना."

"आज घरी जाताना चारही काचा खाली. समजलं? आणि शुक्रवारी संध्याकाळी गाडी माझ्या घरी आणून ठेव. तोवर हिला हात लावायचा नाही." नाव-गाव विचारायच्या आधी हा हुकूम. मला रागच आला होता खरं तर. पण काचा खाली केल्या.

गाडी आदल्या संध्याकाळी का मागवली, हे मला शनिवारी कळलं. धावून आलेल्या गाडीचा सायलेन्सर तासन्‌तास तापलेला असतो, तो रात्रभर थंड व्हायला हवा. शिवाय गंजलेल्या नटांवर तेल मारून ठेवायचं होतं. शिकागोकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्याने बर्फ वितळतं आणि गाड्यांची पोटं कुजतात. मला आपलं वाटलं होतं, काका गाडी दुरुस्त करून देतील आणि मी आभार मानेन. म्हणून साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले. काकांनी डबा काकूंच्या हातात दिला आणि माझ्या हातात एक जुना शर्ट, हातमोजे आणि प्लॅस्टिकचा गॉगल.

"तू बदलणार. मी उभा राहणार."

"काका, मी कॉम्प्युटरवाली आहे."

"मग? कॉम्प्युटरला काय स्क्रू नसतात?"

त्या सकाळी त्यांनी मला गाडीखाली जाण्याआधीच पाऊण तास उभं केलं. हँडब्रेक ओढला का? पुढच्या चाकांना पाचर लावली का? जॅक कुठे लावायचा ते बोट लावून दाखव. मग दोन घोड्या. मग जॅक थोडा उतरवून ओझं त्यांच्यावर. मला वाटलं झालं, मी खाली बसायला लागले, तर म्हणाले, "थांब. ढकल गाडी." मी हळूच ढकलली. "लग्नातल्या नवरीसारखी काहून ढकलते? खांदा लाव. पडायची असेल तर आत्ता पडू दे, तू बाहेर आहे तोवर." गाडी हलली नाही. मग त्यांनी किल्ली काढून माझ्या खिशात टाकली. जो खाली जाईल, किल्ली त्याच्या खिशात, म्हणजे दुसरं कोणी चुकून गाडी सुरू करणार नाही. आणि शेवटचा नियम: बाहेर उभा असलेला माणूस दर मिनिटाला हाक मारणार, 'आहेस का?' खालच्याने उत्तर द्यायचं, 'आहे.' उत्तर आलं नाही तर हातातलं सगळं टाकून खाली वाकायचं. मला ते जरा जास्तच वाटलं. सायलेन्सर बदलायचा होता, विहिरीत उतरायचं नव्हतं.

खाली गेल्यावर पहिल्याच ठोक्याला गंजाचा पाऊस तोंडावर आला आणि गॉगल कशासाठी ते कळलं. दोन नटांपैकी एक सुटला, दुसरा ढिम्म हलेना. मी इंटरनेटवर बघून आले होते, हुशारी दाखवत म्हटलं, "काका, ज्योत लावून तापवला की सुटतो म्हणे."

"शेजारी पेट्रोलची टाकी आहे, बाई. तिची आरती करते का?" वरून आवाज आला आणि पाठोपाठ एक लहानशी करवत सरकत आली. बोल्ट कापायला मला अर्धा तास लागला. सायलेन्सर ज्यांना लटकतो ते रबराचे टांगणे साबणाच्या पाण्याने ओले करून सोडवायचे, आणि त्याआधी सायलेन्सरखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा, नाहीतर तो सुटतो तो तोंडावरच, हेही त्यांनी वरूनच सांगितलं. नवा बसवताना सांध्यातली जुनी चकती, म्हणजे गॅस्केट, परत वापरायची नाही, नवीच घालायची. सगळे नट आधी सैल, मग नळी सरळ आहे ना ते पाहायचं आणि मगच पुढून मागे एकेक आवळत यायचं. आणि दर मिनिटाला, न चुकता, "आहेस का?" दहाव्यांदा मी वैतागून म्हटलं, "कुठे जाणार आहे काका, गाडीखालून?" ते हसले नाहीत. "आहे म्हण," म्हणाले.

शेवटी गाडी खाली उतरवून, ढकलत बाहेर मोकळ्यावर नेली, सुरू केली आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं. एकही बुडबुडा नाही. आवाजही नाही. इंजिन चालू आहे की बंद, हे मला डॅशबोर्ड पाहून ठरवावं लागलं. काळ्या हातांनी मी तिथेच ड्राइव्हवेवर बसले आणि मला रडायला आलं. दीड वर्षात मी माझी म्हणून सांगावी अशी एकही गोष्ट केली नव्हती. काकूंनी गरम केलेली खिचडी काकांनी बशीत वाढून आणली आणि शेजारी बसून आधी स्वतः दोन घास खाल्ले.

त्यानंतरची अकरा वर्षं, माझी परवानगी आली, नोकरी लागली, घर झालं, तरी महिन्यातला एखादा शनिवार त्यांच्या गॅरेजचा होता. तेल, ब्रेक पॅड, बॅटरी... मंडळातल्या बायका चिडवायच्या, "मेधाला माहेर मिळालं, पण ग्रीसचं." त्या गॅरेजची एक भिंत बघण्यासारखी होती. प्रत्येक हत्यार भोकांच्या फळीवर टांगलेलं आणि त्याच्याभोवती काळ्या पेनने काढलेली त्याची आकृती. घोड्या खालच्या कप्प्यावर, त्यांच्या मागेही त्यांच्या आकृत्या. काही कोणी नेलं तर रिकाम्या आकृतीत चिठ्ठी लागायची, पाना अमक्याकडे, पंप तमक्याकडे. शॉमबर्गच्या निम्म्या मराठी माणसांची नावं कधी ना कधी त्या भिंतीवर लागून गेली असतील.

हाकेची गोष्ट त्यांनी मला बऱ्याच वर्षांनी सांगितली, तीही एकदाच. या देशात आल्यावर दुसरा हिवाळा. काका आणि त्यांचा खोलीतला मित्र प्रभाकर, दोघं मिळून घेतलेली एक खटारा गाडी. डेट्रॉइटहून शिकागोला परत येत होते. हीटर धड चालत नव्हता म्हणून काचा घट्ट बंद. फक्त काकांच्या बाजूची बोटभर उघडी, कारण ते तेव्हा सिगरेट ओढायचे. खालची नळी गंजून भोक पडलं होतं, आवाज येत होता, पण आवाजाला कोण घाबरतं? "प्रभ्या मागे आडवा झाला," काका म्हणाले. "डोकं दुखतं म्हणाला, मग गप्प झाला. मला वाटलं झोपला, झोपू दे. मी तर त्याच्यासाठी रेडिओ बारीक केला, मेधा..." धुराला वास असतो, पण त्यातल्या मारणाऱ्या वायूला नसतो. माणूस खरंच झोपल्यासारखा जातो. त्या दिवसापासून मी 'आहे' म्हणायला कधी कंटाळले नाही.

गेल्या वसंतात काका आपल्या मरून रंगाच्या जुन्या गाडीखाली होते आणि काकू दारात. काकूंनी हाक मारली. उत्तर आलं नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसऱ्या हाकेला बारीक आवाजात "आहे, आहे" आलं. बाहेर येऊन म्हणाले, "जरा गरगरलं." डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. दुसऱ्या दिवशी काकूंचा मला फोन. "तूच काहीतरी कर गं. मी बोलले तर हसण्यावारी नेतील. सिॲटलहून लेक बोलला तर महिनाभर त्याच्याशी अबोला धरतील."

"काकू, सरळ सांगू या ना, आता खाली जाऊ नका म्हणून."

"अगं, तोंडावर कसं सांगायचं? काय वाटेल त्यांना?"

मलाही ते पटलं, हेच वाईट. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना नाही म्हणायची रीत नाही, गुपचूप फसवायची आहे. मी शनिवारी गेले आणि म्हटलं, "काका, घोड्या नेऊ का? निखिलच्या गाडीचे ब्रेक पॅड बदलायचेत." माझ्या गॅरेजमध्ये माझ्या स्वतःच्या घोड्या आहेत. आणि त्या काकांनीच मला आणायला लावल्या होत्या, माझ्यासोबत दुकानात येऊन, चार प्रकार हाताळून. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "ने ना," म्हणाले, आणि एक घोडी स्वतः उचलून माझ्या डिकीत ठेवली. "लावल्या की ढकलून बघ."

आम्ही दोघी खूश. अक्कल बघा आमची. त्यांचा जॅक तसाच गॅरेजमध्ये होता. हट्टी माणसाच्या घरातून घोड्या काढून नेल्या आणि जॅक ठेवला, म्हणजे त्याला नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायची वाट मोकळी करून दिली. हे माझ्या डोक्यात आठवड्याने आलं, आणि मग शांत झोप नाही. तरी मी घोड्या परत नेल्या नाहीत. कोणत्या तोंडाने नेणार?

जूनमध्ये त्यांच्या गाडीचा सायलेन्सर फुटला. त्यांनी नवा मागवला आणि मला फोन केला. "या शनिवारी मोकळी आहेस का? तू खाली, मी उभा." याहून सोपं काय होतं? जायचं, घोड्या न्यायच्या, दोन तासांचं काम. पण घोड्या नेल्या की परत आणायला नवं निमित्त लागलं असतं. मी म्हटलं, "काका, या शनिवारी ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे." पुढच्या वेळी म्हटलं पाहुणे आहेत. तिसऱ्यांदा काय सांगितलं ते आठवतही नाही. ते प्रत्येक वेळी "असू दे, असू दे" म्हणाले. घोड्या आणून दे, असं एकदाही म्हणाले नाहीत. गाडी त्यांनी चालवणं बंद केलं. लायब्ररीत काठी घेऊन चालत जायला लागले. घरच्या भाजीला शेजाऱ्याच्या गाडीतून.

ऑगस्टमध्ये एकदा राहवेना, म्हणून मी ऑफिसहून येताना त्यांच्या गल्लीतून गाडी घातली. गॅरेजचं दार उघडं होतं. काका घडीच्या खुर्चीवर आपल्या गाडीशेजारी बसले होते, मांडीवर नव्या सायलेन्सरचा खोका, हातात त्यातला सूचनांचा कागद, आणि चष्मा कपाळावर चढवून तो वाचत होते. ज्या माणसाने शेकडो सायलेन्सर बसवले, तो कागद वाचत होता. मी थांबले नाही. हात हलवला नाही. गाडी हळू केली आणि पुढे गेले. सप्टेंबरमध्ये ते गेले. ब्रेक पॅडचं खोटं मी स्वतःला केव्हाच माफ केलंय, पण त्या दिवशी थांबले नाही ते माफ होत नाही.

दिवसकार्य झालं, लेक सिॲटलला परत गेला. मग एक दिवस काकूंचा फोन आला. "गाडी तेवढी करून दे गं. डॉक्टर आहे, लायब्ररी आहे, मला आता चालवावीच लागणार." शनिवारी सकाळी मी काकांच्या घोड्या डिकीत घालून गेले. गॅरेजमध्ये शिरले, घोड्या जागेवर ठेवायला कप्प्यापाशी वाकले, तर रिकाम्या दोन आकृत्यांच्या मधोमध चिठ्ठी होती. त्यांचं ते सरळ, इंजिनिअरचं अक्षर. 'घोड्या मेधाकडे. मागायच्या नाहीत.'

दुसरी ओळ त्यांनी स्वतःसाठी लिहिली होती. अलीकडे ते विसरायला लागले होते. विसरून कधी मागून बसलो तर पोरीची पंचाईत होईल, म्हणून. मला ते वाचून बरं वाटलं, असं लिहायला मला आवडलं असतं. नाही वाटलं. त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं कळत होतं, आणि ते कळूनही त्यांनी मला तीनदा बोलावलं होतं. त्यांना खाली जायचंच नव्हतं. त्यांना फक्त उभं राहायचं होतं.

काकू मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनीही वाचलं. म्हणाल्या, "मी त्या दिवशी हाक मारायला हवी होती गं. प्रभाकरचं ठाऊक असून मी म्हटलं, झोपू दे." डॉक्टरांनी सांगितलंय की हृदय झोपेतच थांबलं, हाकेने काही झालं नसतं. मी तेच पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि आम्हा दोघींनाही माहीत होतं की असल्या गोष्टी सांगून पटत नाहीत.

मग मी शर्ट बदलला. हँडब्रेक, पाचरी, जॅक, घोड्या. खांदा लावून गाडी ढकलली. किल्ली खिशात टाकली आणि खाली गेले. बाहेर काकूंच्या स्लिपर दिसत होत्या. त्यांना मी हाकेचं काही सांगितलं नव्हतं. मिनिटभरात आवाज आला, "आहेस का गं?" मी म्हटलं, "आहे काकू." दोन तास त्या तिथून हलल्या नाहीत. एकही मिनिट चुकलं नाही. शेवटी गाडी बाहेर काढली, सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं आणि दोघी वाकून बुडबुडे शोधत राहिलो. नव्हते.

निघताना मी घोड्या पुसून कप्प्यावर ठेवायला लागले, तर काकूंनी माझा हात धरला. "घेऊन जा त्या. मागायच्या नाहीत म्हणून लिहिलंय ना त्यांनी."

आता माझ्या गॅरेजमध्ये चार घोड्या आहेत. मी काकांच्या जुन्या दोनच वापरते. मी गाडीखाली गेले की निखिलला बाहेर उभं करते. तो बिचारा उभा राहतो, पण हातात फोन असतो आणि नियम विसरतो. मग मी खालूनच ओरडते, "विचार ना रे, आहेस का म्हणून!" आणि तो विचारेपर्यंत पाना तसाच हातात धरून पडून राहते.